भाकरीचा ग्रह खरा का वाटत नाही?

प्रश्न : ज्वारीच्या भाकरीचा मोबाइलवर फोटो काढला, गोल कापून काळ्या आकाशावर ठेवला, मागे भरपूर तारे टाकले. तरी भाकर भाकरच दिसते. काय चुकतं? (एक वाचक, ता. मेहकर, जि. बुलढाणा)

उत्तर : चूक एडिटिंगच्या आधीची आहे, उजेडाची. भर दुपारी अंगणात काढलेल्या फोटोत फोडांना सावलीच नसते. अंधाऱ्या खोलीत काळ्या कापडावर गार भाकर ठेवा, फ्लॅश बंद करा आणि टॉर्च एका बाजूने, जवळजवळ भाकरीच्या पातळीला धरा. आता प्रत्येक फोडाला एक लख्ख कड आणि एक लांब सावली मिळते, करपलेले डाग विवरांसारखे खोल दिसतात. फार सुंदर दिसतं हे!

मग गिंप या फोटो एडिटिंगच्या मोफत सॉफ्टवेअरमध्ये शिफ्ट दाबून गोल निवडा, कड २ पिक्सेल मऊ करा. भाकर सपाट, म्हणून तिला चेंडूसारखा फुगीरपणा देणारा स्फेराइझ फिल्टर लावा. त्यावर मल्टिप्लाय मोडचा (खालचं चित्र गडद करणारा) नवा लेयर, म्हणजे थर, घेऊन पांढऱ्यातून काळ्यात जाणारा ग्रेडियंट ओढा. काळी बाजू टॉर्चच्या विरुद्धच हवी. बहुतेकांचं इथेच फसतं : फोडांच्या सावल्या उजवीकडे आणि ग्रहाची रात्र डावीकडे.

तारे काढून टाका. अपोलो मोहिमांच्या चांद्रफोटोंतही आकाश काळंच आहे. उन्हातल्या जमिनीसाठी एक्स्पोजर (कॅमेऱ्यात घेतला जाणारा उजेड) कमी ठेवलं की मंद तारे उमटत नाहीत. सॅच्युरेशन, म्हणजे रंगांचा भडकपणा, निम्मं करा. शेवटी सगळे लेयर एकत्र करून थोडा नॉइज (बारीक दाणे) द्या, म्हणजे ग्रह आणि आकाश यांचा पोत एकच दिसेल.