आजोबांची वीस वर्षं बंद पडलेली राजदूत १७५ मोटरसायकल इंदुरात घरीच चालू करता येईल का?

येईल, पण आल्या आल्या किक मारू नका, रंगाचं तर नावच काढू नका. आधी स्पार्क प्लग काढून भोकातून चार चमचे डिझेल सोडा आणि दोन-तीन दिवस तसंच राहू द्या. पिस्टन जाम असेल तर हळूहळू सुटतो. मी रामबागेतल्या वाड्याच्या ओसरीत घाईघाईने किकवर उभा राहिलो होतो. पिस्टनची रिंग तुटली आणि वर आईची बोलणी खाल्ली ती वेगळीच.

खरी मेख असते क्रँकच्या, म्हणजे पिस्टन ज्याला फिरवतो त्या दांड्याच्या, ऑइल सीलमध्ये. रबर सुकून कडक होतं. टू-स्ट्रोकमध्ये तिथून हवा ओढली गेली की मिश्रण पातळ होतं (हवा जास्त, पेट्रोल कमी), इंजिन तापतं आणि पिस्टन जाम होतो. गाडी चालू होत असली तरी सील बदलाच. स्वस्तातलं काम आहे, फक्त इंजिन उघडावं लागतं.

टाकीत व्हिनेगर आणि मूठभर नट घालून हलवा. रात्रभर ठेवून खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने धुवा नि लगेच वाळवा, नाहीतर सकाळी पुन्हा तांबूस. पॉइंटची (ठिणगीसाठी वीज जोडणाऱ्या-तोडणाऱ्या भागाची) फट साधारण ०.४ मिमी. टू-स्ट्रोकचं इंजिन ऑइल पेट्रोलमध्येच मिसळायचं, लिटरला ४०-५० मिली.

नट-बोल्ट सियागंजाच्या बाजारात बघा. आरसी मात्र आजच शोधा: १५ वर्षांनंतर नोंदणीचं नूतनीकरण लागतं, आणि कागद नसले तर ती फटफटी ओसरीतच शोभेल.