जुन्या वाड्याच्या न्यासाचा विश्वस्त झालो, तर नेमकं काय काय बघावं लागतं?

तुमचा प्रश्न असा: गावातला निजामकाळचा चौसोपी वाडा जपायला धर्मादाय न्यास आहे, ठेव ४० लाखांची, आणि विश्वस्त म्हणून तुमची नुकतीच नेमणूक झालीय.

पैशाआधी वाडा कोणाच्या नावावर आहे ते बघा. सिटी सर्व्हे, म्हणजे गावठाणाची सरकारी मोजणी, झाला असेल तर मालमत्ता पत्रक काढा. ग्रामपंचायतीचा नमुना ८ ही कर आकारणीची नोंद आहे, मालकीचा पुरावा नव्हे. जुने कागद उर्दूत किंवा मोडीत निघतील, साल फसली, म्हणजे जुन्या महसुली कालगणनेतलं, असेल. त्यात ५९० मिळवले की इसवी सन साधारण कळतो. वाडा अजून घराण्याच्याच नावावर असेल, तर न्यास धर्मादाय पैशातून खासगी घर दुरुस्त करतोय असा अर्थ निघतो आणि आयकराची सवलत धोक्यात येते. त्यावर उपाय म्हणजे नोंदणीकृत बक्षीसपत्र. त्यावर सगळ्या वारसांच्या सह्या हव्यात, लग्न होऊन गेलेल्या बहिणींच्यासुद्धा. घोडं बहुतेक वेळा तिथंच अडतं.

तुमची नेमणूक झाल्यापासून ९० दिवसांत धर्मादाय कार्यालयात बदल अर्ज, म्हणजे विश्वस्त बदलल्याची नोंद करायचा अर्ज, जायला हवा. तो राहिला की पुढचे सगळे बदल अर्ज एकामागे एक अडकतात. हिशेब ३१ मार्चला संपतो, लेखापरीक्षण अहवाल ३० सप्टेंबरपर्यंत. विक्री, गहाण किंवा इमारत तीन वर्षांपेक्षा जास्त मुदतीने भाड्याने देणं महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाच्या कलम ३६ खाली धर्मादाय आयुक्तांच्या पूर्वपरवानगीशिवाय चालत नाही. न्यासासाठी कर्ज काढायलाही परवानगी लागते.

ठेव कुठं आहे, हे स्वतः पावती हातात घेऊन बघा. त्याच कायद्याच्या कलम ३५ प्रमाणे पैसा शेड्यूल्ड बँक, पोस्ट, सरकारी रोखे किंवा शासनमान्य सहकारी बँक अशा ठिकाणीच ठेवायचा. पतसंस्था किंवा मल्टिस्टेट (अनेक राज्यांत चालणारी) पतसंस्था ‘आपल्याच माणसाची’ असली आणि बारा टक्के देत असली, तरी ती बँक नाही. बुडाली तर विश्वस्तांना जाब विचारला जातो. नवी देणगी मूळ निधीत, म्हणजे कायम राखायच्या मुद्दलात, घ्यायची असेल, तर देणगीदाराकडून तसं लेखी घ्या. लेखी नसताना नंतर खतावणीत (हिशेबाच्या वहीत) ती मूळ निधीकडे सरकवू नका.

आता गणित. ४० लाखांवर ७ टक्के धरले तर वर्षाला २ लाख ८० हजार. आयकराच्या नियमानं ८५ टक्के खर्चायचे, म्हणजे २ लाख ३८ हजार. उरलेले ४२ हजार मुद्दलात घाला, नाहीतर महागाई ठेव खाईल. राखणदाराला महिना १० हजार दिले की दुरुस्तीला १ लाख १८ हजार उरतात. एवढ्यात माळवद, म्हणजे मातीचं सपाट छप्पर, सांभाळता येतं, वाडा नव्यानं उभारता येत नाही. मोठ्या कामासाठी वेगळी देणगी गोळा करा, ठेव मोडू नका.

माळवदावर दरवर्षी पांढरी माती नुसती टाकत गेलं की ओझं वाढतं. हजार चौरस फुटांवर दोन इंच ओली माती म्हणजे सात-आठ टन. जुना थर खरवडल्याशिवाय नवा टाकू देऊ नका. अंदाजपत्रकात नुसतं ‘प्लॅस्टर’ लिहिलं असेल तर कंत्राटदार सिमेंटच मारणार. तिथं ‘मुरवलेला चुना’ असं स्पष्ट लिहून घ्या. सिमेंटमागं ओल कोंडते आणि भिंतीत गेलेली तुळईची टोकं कुजतात. वरून लाकूड सागवानी, चकचकीत दिसतं. पेचकस टोचला की भुसा निघतो.

मृगाच्या आधी एकदा माळवदावर चढा. पन्हाळी मोकळ्या करा, सवण्यांची (छतातल्या उजेडाच्या झरोक्यांची) झाकणं बघा, पिंपळाचं रोप बोटाएवढं असतानाच मुळासकट काढा. जे दिसेल ते तारखेसह सभेच्या इतिवृत्तात लिहा. खर्चाच्या बिलाला पुढं तोच आधार राहतो.