अमेरिकेतलं यादवी युद्ध खरंच गुलामगिरीवरून झालं का?

तुम्ही लिहिलंय की तुमचा अमेरिकन सहकारी म्हणतो, "ते युद्ध राज्यांच्या हक्कांवरून झालं. उत्तरेला तरी गुलामांचं कुठे काय पडलं होतं?" यातलं पहिलं वाक्य चूक आहे. दुसरं बरंचसं खरं आहे, निदान 1861 पुरतं. आणि या दुसऱ्या वाक्यातल्या खरेपणाच्या जोरावरच पहिलं खपवलं जातं.

नोकरीनिमित्त मी काही वर्षं जॉर्जियात काढली. अटलांटाबाहेर स्टोन माउंटन नावाचा ग्रॅनाइटचा प्रचंड डोंगर आहे. त्यावर जेफरसन डेव्हिस, ली आणि जॅक्सन हे दक्षिणेचे तीन पुढारी घोड्यांवर बसलेले कोरले आहेत. हे काम पुरं झालं 1972 मध्ये, म्हणजे युद्ध संपल्यावर शंभराहून जास्त वर्षांनी! "राज्यांचे हक्क", म्हणजे केंद्राने राज्यांच्या कारभारात ढवळाढवळ करू नये, हा युक्तिवाद मीही तिथेच एका शिकल्यासवरल्या शेजाऱ्याकडून ऐकलं. तेव्हा मला उत्तर सुचलं नाही. नंतर वाचत गेलो.

माझा सल्ला असा की युद्धानंतर काय लिहिलं गेलं ते तूर्त बाजूला ठेवा आणि युद्ध सुरू होण्याआधी ही मंडळी काय बोलत होती ते बघा. गुलामगिरी नव्या प्रदेशांत पसरू द्यायला विरोध असलेला लिंकन नोव्हेंबर 1860 मध्ये अध्यक्ष म्हणून निवडून आला आणि 20 डिसेंबरला साउथ कॅरोलायना संघराज्यातून फुटून निघालं. का निघालो याचा जाहीरनामाही त्यांनी काढला. त्यातली मुख्य तक्रार काय? तर उत्तरेकडची राज्यं आपापले कायदे करून पळालेले गुलाम परत द्यायला नकार देतात, आणि न्यू यॉर्क तर गुलामाला सोबत घेऊन नुसतं आपल्या हद्दीतून जाऊही देत नाही. म्हणजे उत्तरेतली राज्यं आपले हक्क वापरत होती आणि दक्षिणेचं दुखणं नेमकं तेच होतं.

1850 चा पळपुट्या गुलामांचा कायदा तर दक्षिणेने केंद्राकडूनच करून घेतला होता. त्यात पकडलेल्या माणसाला ज्युरी नाही, स्वतःच्या बाजूने साक्ष देण्याची सोय नाही. निवाडा करणाऱ्या आयुक्ताला माणूस मालकाच्या हवाली केला तर 10 डॉलर, सोडून दिला तर 5. कागदपत्रांचं काम जास्त पडतं म्हणून जास्त पैसे, अशी सबब होती. केंद्राची ताकद आपल्या कामाची होती तोवर दक्षिणेला ती खुपली नाही.

मिसिसिपीने तर आडपडदाच ठेवला नाही. आमचं सगळं गुलामगिरीशी बांधलेलं आहे, असं जाहीरनाम्याच्या सुरुवातीलाच लिहून टाकलं. मार्च 1861 मध्ये, फुटून निघालेल्या दक्षिणी राज्यांनी मिळून केलेल्या सरकारचा उपाध्यक्ष अलेक्झांडर स्टीफन्स याने सव्हाना शहरात भाषण केलं. काळा माणूस गोऱ्याच्या बरोबरीचा नाही, गुलामी हीच त्याची नैसर्गिक स्थिती, आणि याच सत्याच्या कोनशिलेवर आमचं सरकार उभं आहे, असं तो म्हणाला. हाच स्टीफन्स हरल्यानंतर दोन खंडांचा ग्रंथ लिहितो आणि त्यात सांगतो की भांडण मुळात घटनेच्या तत्त्वाचं होतं. तुमच्या सहकाऱ्याच्या शाळेत यातला कोणता स्टीफन्स पोचला असेल ते ओळखायला कठीण नाही.

आता एक प्रश्न उरतोच. दक्षिणेतल्या तीन गोऱ्या कुटुंबांपैकी साधारण दोन कुटुंबांकडे एकही गुलाम नव्हता. मग ती माणसं मरायला का गेली? काही गावावर फौज चालून आली म्हणून, काही सक्तीच्या भरतीमुळे. (ही सक्ती दक्षिणेने उत्तरेच्या जवळजवळ वर्षभर आधी, एप्रिल 1862 मध्ये आणली. वर वीस किंवा त्याहून जास्त गुलाम असलेल्या मळ्यामागे एका गोऱ्या माणसाला सूट! गरिबांनी बोटं मोडली ती उगाच नाही.) पण आपण कितीही दरिद्री असलो तरी आपल्या खाली कोणीतरी आहे, हा दिलासाही त्यात होता. जन्मावरून ठरणारी ही उतरंड मराठी वाचकाला मी काय समजावून सांगणार?

उत्तरेकडे वळू. जोतीराव फुल्यांनी 1873 मध्ये 'गुलामगिरी' अर्पण केली ती अमेरिकेतल्या सदाचारी लोकांना, काळ्यांच्या मुक्तीसाठी त्यांनी दाखवलेल्या निःस्वार्थ त्यागाबद्दल. कॉलेजात असताना ती अर्पणपत्रिका वाचून माझ्या डोक्यात उत्तरेचं एक सोवळं चित्र बसलं होतं. अर्पणपत्रिकेतली भावना खरीच आहे, असा त्याग करणारी माणसं तिथे होतीही. पण सरकारची भूमिका वेगळी होती. 4 मार्च 1861 ला अध्यक्ष म्हणून केलेल्या पहिल्या भाषणात लिंकनने सांगितलं की जिथे गुलामगिरी आहे तिथे हात घालायचा माझा विचार नाही आणि तसा मला अधिकारही नाही. ऑगस्ट 1862 मध्ये त्याने एका संपादकाला लिहिलं की एकही गुलाम न सोडवता संघराज्य वाचत असेल तर मी तसंही करीन. केंटकी, मिसूरी, मेरीलँड, डेलावेअर ही गुलाम बाळगणारी राज्यं त्याच्याच बाजूला होती. त्यांना दुखवून चालणार नव्हतं.

मग हे युद्ध गुलामगिरीच्या अंतापर्यंत गेलं कसं? याचं उत्तर बहुतेक जण वॉशिंग्टनमध्ये शोधतात. मी ते व्हर्जिनियाच्या किनाऱ्यावरच्या मन्रो किल्ल्यात शोधतो. 23 मे 1861 च्या रात्री फ्रँक बेकर, शेपर्ड मॅलरी आणि जेम्स टाउनसेंड हे तीन गुलाम होडीतून खाडी ओलांडून तिथे आले. पलीकडे त्यांना दक्षिणेच्या तोफांसाठी मोर्चे बांधायला जुंपलं होतं. किल्ला उत्तरेच्या ताब्यात होता आणि सेनापती बेंजामिन बटलर होता पेशाने वकील. दुसऱ्या दिवशी मालकाचा माणूस पांढरं निशाण घेऊन हजर झाला आणि 1850 च्या कायद्याप्रमाणे तिघांना परत मागू लागला. बटलर म्हणाला, तुम्ही तर स्वतःला परका देश म्हणवता. परक्या देशाला आमचा कायदा लागू होत नाही. मालकाने येऊन संघराज्याशी निष्ठेची शपथ घ्यावी आणि गुलाम घेऊन जावेत.

आणि तिघांना त्याने ठेवून घेतलं ते शत्रूचं युद्धसाहित्य म्हणून, जप्तीचा माल! माणसाला मालमत्ता मानणाऱ्या कायद्याचाच फास त्याने त्या कायद्याच्या गळ्यात अडकवला. लिंकनच्या सरकारला हा युक्तिवाद तसा अडचणीचा होता, कारण व्हर्जिनिया परका देश आहे हे ते कबूलच करत नव्हतं. तरी त्यांनी तो चालू दिला. काही दिवसांत किल्ल्यावर बायका-पोरांसकट माणसं येऊ लागली. आता तान्ह्या मुलाला युद्धसाहित्य कसं म्हणायचं, असा पेच बटलरने वरिष्ठांना लिहून कळवला. ऑगस्टमध्ये काँग्रेसला, म्हणजे अमेरिकेच्या संसदेला, त्यासाठी कायदा करावा लागला. युद्ध संपेपर्यंत सुमारे पाच लाख माणसं अशी पळून उत्तरेच्या फौजांपर्यंत पोचली.

बंडखोर राज्यांतले गुलाम मुक्त झाले असं सांगणारा लिंकनचा 1 जानेवारी 1863 चा मुक्तीचा जाहीरनामा या पार्श्वभूमीवर वाचायला हवा. त्यातून ती चार सीमावर्ती राज्यं वगळली होती, हे टीकाकारांचं म्हणणं खरं आहे. पण त्याच कागदाने काळ्यांना फौजेत घेण्याची वाट मोकळी केली आणि सुमारे 1,80,000 काळे सैनिक उत्तरेकडून लढले. तिकडे दक्षिणेत माणसं संपत आली तेव्हा गुलामांनाच बंदुका द्याव्या का, अशी चर्चा निघाली. जानेवारी 1865 मध्ये हॉवेल कॉब या त्यांच्याच सेनापतीने बजावलं की गुलाम चांगले सैनिक होऊ शकत असतील तर आपलं गुलामगिरीचं सगळं तत्त्वच चुकलं म्हणायचं. राज्यांच्या हक्कांसाठी लढणारा माणूस असं बोलला नसता. डिसेंबर 1865 मध्ये गुलामगिरी संपवणारी तेरावी घटनादुरुस्ती मंजूर झाली. त्यानंतर दक्षिणेने मतदानावर कर आणि साक्षरतेच्या परीक्षा लावून काळ्यांचे हक्क कसे गिळले, तो वेगळ्या उत्तराचा विषय आहे.

तुम्ही त्या बाजूला गेलात तर मन्रो किल्ला जरूर पाहा. ज्या टोकावर तो उभा आहे त्याचं नाव पॉइंट कम्फर्ट. इंग्रजांच्या व्हर्जिनियात विकायला आणलेले पहिले आफ्रिकी लोक 1619 मध्ये याच टोकावर उतरवले होते.