सिस्टर, तुमचा चार्ट कुठाय?

"ताई, पेशंट गेला तरी मला काहीच वाटत नाही. मी दगड झालेय का?" रामबागेतल्या माझ्या समुपदेशनाच्या खोलीत हे नर्सनी विचारलंय, निवासी डॉक्टरांनी विचारलंय, एका वॉर्डबॉयनंसुद्धा. म्हणून इंदूरच्याच एकीची हकिगत सांगते, ओळखीच्या खुणा बदलून.

ती आयसीयूत सिस्टर. पहिल्या दोन-तीन भेटी स्वतःला कोसण्यातच गेल्या. सात नंबरच्या आजोबांनी तिसऱ्यांदा पाणी मागितलं तेव्हा ती खेकसली होती. एकदा इंजेक्शनचा डोस दुप्पट भरला. शेजारच्या सिस्टरनं टोकलं म्हणून निभावलं.

मी विचार पिंजत बसणाऱ्यांतली नाही, आधी शरीराची विचारपूस करते. म्हटलं, "त्या दिवशी जेवलात कधी?"

"डबा तसाच घरी गेला. आई चिडली."

"आणि पाणी?"

गप्प.

पेशंटच्या पोटात किती गेलं, लघवी किती झाली, हा इनटेक-आउटपुट ती दर तासाला लिहिते. मी कोरा कागद पुढे सरकवला. "कालच्या नाइटचा तुमचा लिहा."

बारा तास. इनटेक: चहा, अर्धा कप, गार. आउटपुट: एकदा. पेन थांबलं. कागदाकडे ती आता सिस्टरच्या नजरेनं बघत होती. "ताई, असा पेशंट असता तर मी रात्रीच डॉक्टरांना उठवलं असतं." आणि रडली, कित्येक महिन्यांनी. (तो कागद मला ऐनवेळी सुचला, याचं मला अजून बरं वाटतं.)

सलग 17 तास जागलेल्या माणसाचं डोकं रक्तात 0.05 टक्के अल्कोहोल असल्यासारखं चालतं. आपल्याकडे गाडी चालवायची मर्यादा 0.03 आहे, आणि तशा डोक्यानं आपण सलाइनमध्ये औषध भरतो! डॉक्टरांच्या जिनिव्हा शपथेत 2017 साली स्वतःची तब्येत जपण्याचं वचन घातलं गेलं, तेही रुग्णसेवा उत्तम व्हावी म्हणूनच.

तेव्हा डबा खायला वीस मिनिटं मागताना ओशाळू नका. बेड कुणाकडे सोपवलाय तेवढं सांगून जा. लांब ड्यूटीच्या शेवटी जोखमीचं औषध दुसरीला दाखवूनच द्या. पेशंट गेला की पुढच्या बेडकडे वळण्याआधी दोन मिनिटं बाहेर उभ्या राहा. आणि इन्चार्जबाई, डबल ड्यूटी लावून वर भिंतीवर योगासनांचं पोस्टर नको. जगणंच नकोसं वाटत असेल तर टेली-मानस या सरकारी हेल्पलाइनचा नंबर, 14416, रात्रीसुद्धा लागतो.

तिचा तो चार्ट आता त्यांच्या स्टाफरूममध्ये लटकतोय. इनटेकमध्ये पोहे, शेव, केळं असं काहीबाही दिसतं. आउटपुटचा रकाना मात्र कुणी भरत नाही म्हणे.