शास्त्रीय संगीतात गणित असतं म्हणतात, ते खरं की ओढूनताणून लावलेलं? आणि तुम्हाला ते पहिल्यांदा कुणी दाखवलं?

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो, म्हणजे पहिल्याचं अर्धं उत्तर त्यातच येऊन जाईल. मला ते कोयना एक्स्प्रेसमध्ये समोरच्या बाकावर बसलेल्या एका काकांनी दाखवलं. त्यांचं नाव मला आजही माहीत नाही.

मी तबला शिकायला लागलो चाळिशी उलटल्यावर. हात जड, पण हिशोब पक्का, असा माझा स्वतःबद्दल समज. गुरुजी माझ्यापेक्षा दहा वर्षांनी लहान. त्यांनी त्या आठवड्यात काम दिलं होतं: ‘तिट कत गदि गन धा’ हा पाच मात्रांचा तुकडा घ्यायचा आणि तीनतालात समेपासून समेपर्यंत तिहाई बांधून आणायची. ज्यांना ठाऊक नसेल त्यांच्यासाठी सांगतो. मात्रा म्हणजे ताल मोजायचं एकक. तिहाई म्हणजे एकच तुकडा तीनदा वाजवायचा, आणि तिसऱ्या वेळचा शेवटचा धा नेमका समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवर, पडला पाहिजे. दोन तुकड्यांच्या मधे थांबण्याची जी जागा असते तिला दम म्हणतात.

पाच त्रिक पंधरा. तीनताल सोळा मात्रांचा. उरली एक, ती दोन दमांत वाटली, अर्धी-अर्धी. झाले सोळा! वहीत लिहून मी भोवती चौकटसुद्धा काढली होती. फक्त वाजवताना दर वेळी धा समेच्या एक मात्रा आधी पडायचा. मी समजत होतो की माझी लय पळते.

गाडी साताऱ्याच्या पुढे कुठेतरी क्रॉसिंगला थांबली होती. तेव्हा त्या मार्गावर एकेरी रूळ होता, समोरची गाडी येऊन जाईपर्यंत बसून राहण्याखेरीज इलाज नसे. मी मांडीवर बोटं आपटत तोंडातल्या तोंडात मोजत होतो. समोरचे काका साठीचे असतील, मांडीवर कापडाचं गाठोडं. बराच वेळ ते माझ्या बोटांकडे बघत होते. शेवटी म्हणाले,

“एक कमी पडतीय बघा.”

“लय पळते हो माझी.”

“लय कुटं पळतीय? लय बसलीया चांगली. हिशोब चुकलाय.”

मी वही दाखवली. चौकट बघून ते हसले आणि गाठोडं सोडलं. आत तबल्याच्या तीन कोऱ्या पुड्या, म्हणजे तबल्याच्या तोंडावर बसवायची गोल चामडी, होत्या. पुड्या बांधायच्या, शाई घालायची, फुटलेले तबले दुरुस्त करून द्यायचे, हा त्यांचा धंदा. तबला वाजवता का, असं विचारल्यावर म्हणाले, “ठोकून बघतो, तेवढंच.”

एक पुडी त्यांनी माझ्या हातात दिली. पुडीच्या कडेला चामड्याचा विणलेला गजरा असतो आणि त्यातून वादी, म्हणजे ताणायची चामड्याची पट्टी, ओवायला घरं असतात.

“घरं किती?”

“सोळा.”

“ह्या घरावर बोट ठेवा. हितनं निघायचं, एकेक घर घेत परत हितंच यायचं. मोजा मोठ्यानं.”

शेजारचे दोघे-तिघेही आता बघायला लागले होते. मी मोजत गेलो. पहिल्या घरावर बोट परत टेकलं तेव्हा तोंडातून निघालं, सतरा.

“घरं सोळाच. बोट सतरांदा लागलं. सम म्हंजे हे घर. निघताना एकदा, पोचताना एकदा.”

मी दोन्ही दम पूर्ण एकेका मात्रेचे केले. पाच, एक, पाच, एक, पाच. सतरा. धा पडतात पाचव्या, अकराव्या आणि सतराव्या मात्रेला, आणि सतरावी म्हणजेच पुढच्या आवर्तनाची, तालाच्या पुढच्या पूर्ण वेढ्याची, सम. शाळेत कुंपणाच्या खांबांचं गणित असतं ना, सोळा अंतरं तर खांब सतरा, तेच हे. ते मला शाळेत येत होतं. तबल्यावर दिसलं नव्हतं, कारण मी ताल सरळ रेघेसारखा वहीत आडवा लिहीत होतो. त्यांच्या हातात तो रोज गोलच येत असे.

हे एकदा बसलं की बाकीचं आपोआप सुटतं. तुकड्याची तिप्पट अधिक दमाची दुप्पट म्हणजे आवर्तनाच्या मात्रा अधिक एक. झपताल दहा मात्रांचा, त्याला अकरा हव्यात: तीन मात्रांचा तुकडा, एकेका मात्रेचा दम. रूपक सात मात्रांचा, त्याला आठ: दोनाचा तुकडा, दम एकेक. दमच नको असेल, म्हणजे बेदम तिहाई हवी असेल, तर बेरजेला तिनाने भाग गेला पाहिजे. सतराला जात नाही. पण दोन आवर्तनं घेतली तर तेहेतीस होतात आणि अकरा-अकराचे तीन तुकडे सरळ बसतात.

गाडी हलली. सांगली गेल्यावर काकांनी पुड्या परत बांधल्या आणि जाता जाता कोडं घातलं. “सत्तावीस मात्रांचा एक पल्ला. शेवटाला हीच तुमची पाचाची तिहाई, पण बेदम. असा पल्ला तीनदा वाजवायचा, मधी न थांबता. धा समेवर कितीदा पडतो?” मी म्हटलं, एकदा, शेवटी. ते “बघा की मोजून” म्हणाले आणि मिरजेला उतरले. नाव विचारायचं राहिलंच.

मिरज ते कोल्हापूर मी तेवढंच केलं. पल्ल्यात आधी बारा मात्रा, मग पाचाचे तीन तुकडे. म्हणजे पहिल्या फेरीतले धा १७, २२ आणि २७ व्या मात्रेला. दुसऱ्या फेरीतले ४४, ४९, ५४. तिसऱ्या फेरीतले ७१, ७६, ८१. आता तीनतालाच्या समा कुठे येतात? १, १७, ३३, ४९, ६५, ८१. पहिल्या फेरीतला पहिला धा समेवर, दुसऱ्या फेरीतला दुसरा समेवर, तिसऱ्या फेरीतला तिसरा समेवर! असं का, तर दोन धांमध्ये पाच मात्रा आहेत, आणि सत्तावीस अधिक पाच म्हणजे बत्तीस, बरोबर दोन आवर्तनं. डब्यात मी एकटाच मोठ्याने हसलो. याला फर्माइशी चक्रदार म्हणतात हे मला नंतर कळलं.

तेव्हा तालापुरतं तुमच्या प्रश्नाचं उत्तर: अजिबात ओढूनताणून नाही. एक मात्रा इकडची तिकडे झाली की डोळे मिटून ऐकणाऱ्यालाही समजतं. आणि ही मोजदाद जुनी आहे. लघु एक मात्रेचा, गुरू दोन मात्रांचा, तर अमुक मात्रांची ओळ किती प्रकारे भरता येईल, हा प्रश्न आपल्या छंदशास्त्रात फार आधीपासून विचारला गेला. चार मात्रांची ओळ पाच प्रकारे भरते. शेवटी लघु असेल तर आधी तीन मात्रा उरतात, गुरू असेल तर दोन, म्हणून मागच्या दोन उत्तरांची बेरीज केली की पुढचं उत्तर मिळतं: १, २, ३, ५, ८, १३. छंदशास्त्रकार विरहांकाने हे सांगितलं होतं, आणि ११५० च्या सुमारास जैन आचार्य हेमचंद्राने मांडलं. हे आकडे आज ज्याच्या नावाने ओळखले जातात त्या इटलीच्या फिबोनाचीचं पुस्तक १२०२ चं.

स्वरांच्या बाबतीतली जुनी मोजणी तर आपल्या अंगणातली आहे. शार्ङ्गदेव तेराव्या शतकात देवगिरीला, यादव राजा सिंघणाच्या पदरी होता. त्याच्या ‘संगीतरत्नाकरा’त खंडमेरू नावाचा तक्ता आहे. सात स्वर प्रत्येकी एकदाच घेऊन ५०४० क्रम होतात. त्यातला कितवा क्रम कोणता, आणि हातातला क्रम कितवा, हे सगळे न लिहिता त्या तक्त्यावरून काढता येतं. उस्ताद अमीर खाँ ज्या मेरुखंड पद्धतीने आलापात स्वर उलटसुलट फिरवत, तिचं मूळ या विचारात आहे. चार स्वरांचे चोवीस क्रम, पण ऐकताना चोवीस मोजावेत असं कधी वाटत नाही.

ओढाताण सुरू होते ती रागांपाशी. तुम्ही कुठेतरी ३४,८४८ राग होतात असं वाचलं असेल. तो हिशोब असा: आरोहात सातही स्वर घेण्याचा प्रकार एक, एक स्वर गाळण्याचे सहा, दोन गाळण्याचे पंधरा, एकूण बावीस. अवरोहातही बावीस. बावीस गुणिले बावीस ४८४, आणि कर्नाटक संगीतातले व्यंकटमखीचे ७२ मेळ, म्हणजे सात स्वरांचे संच, घेऊन गुणलं की तो आकडा. (सप्तकातल्या बावीस श्रुतींशी, म्हणजे स्वरांच्या सूक्ष्म जागांशी, या बावीसचा संबंध नाही, तो निव्वळ योगायोग. त्यावर कुणी प्रवचन देऊ लागलं तर उठून यावं.) गुणाकार बरोबर आहे, पण त्यातले बहुतेक ‘राग’ कुणी गात नाही. भातखंड्यांनीही थाट, म्हणजे हिंदुस्थानी रागांचे मूळ स्वरसंच, मांडताना, रे ग म ध नी यांची दोन-दोन रूपं धरून ३२ जुळण्या निघत असताना, चालत्या रागांकडे बघून दहाच ठेवले. आणि भूप नि देशकार घ्या. दोघांचे स्वर तेच पाच, सा रे ग प ध. गुणाकाराला तो एकच राग. पण भूप गंधाराभोवती रमतो, देशकार धैवतावरून उतरतो, आणि एकात दुसरा दिसला तर जाणकार मान हलवायची थांबवतात. यमनात सुवर्ण गुणोत्तर सापडल्याचे जे लेख फिरतात त्यांच्याबद्दल न बोललेलं बरं.

काकांना शोधायला मी पुढे एकदा मिरजेत सतारमेकरांच्या गल्लीत हिंडलो. तंबोऱ्यांचे भोपळे खूप बघितले, पण ते भेटले नाहीत. कदाचित मिरजेचे नसतीलही, तिथून गाडी बदलत असतील.

तिहाईचं सांगायचं राहिलं. पुढच्या आठवड्यात ती गुरुजींना वाजवून दाखवली. धा समेवर बसला. ते म्हणाले, पुस्तकातून काढलीत का? मी पुडीवर बोट फिरवल्याची हकीगत सांगितली. “काय वाजवतात ते?” “काही नाही. ठोकून बघतात, तेवढंच.” गुरुजी काही बोलले नाहीत. त्यांनी स्वतःचा तबला पुढे ओढला आणि एका घरावर बोट ठेवून मोजायला लागले.