शब्दकोड्यातल्या शंका : फेकणे आणि गोंजारणे

प्रश्न : ‘मायेने हात फिरवणे’, पाच घरे. ‘गोंजारणे’ लिहिले तर एक घर उरते. (वाचक, सांगली)

उत्तर : उरणारच. एका घरात एक अक्षर, काना-मात्रा-अनुस्वारासकट. गों-जा-र-णे, झाली चार. इथे ‘कुरवाळणे’ हवे. ‘चुचकारणे’ही पाच घरांचे, पण ते तोंडाने, दिलेल्या अर्थात ‘हात’ आहे, म्हणून बाद. ‘थोपटणे’ चार घरांचे, शिवाय त्यात हात फिरत नाही, हलकेच आपटतो. अर्थ ‘-णे’ने संपत असेल तर शेवटच्या घरात आधीच पेन्सिलीने ‘णे’ लिहून टाका. ते बहुतेक वेळा टिकते आणि उभ्यातले नाणे, ठाणे, उखाणे आपसूक हाती येतात. उभा शब्द ‘सोने’ येत असेल तर मात्र थांबा. ‘णे’ आणि ‘ने’ एका घरात नांदत नाहीत. दोनपैकी एक उत्तर चुकले आहे.

प्रश्न : ‘फेकणे’ला शब्द ढीगभर. निवडायचा कसा? (वाचक, नाशिक)

उत्तर : काय फेकले जाते ते पाहा. गोफणीतला दगड भिरकावतात (‘भिरकावणे’, पाच घरे), जेजुरीला भंडारा उधळतात, बंधन झुगारतात. ‘उधळणे’ आणि ‘झुगारणे’ दोन्ही चार घरांची आणि दोन्हींच्या शेवटी ‘णे’, त्यामुळे पहिली तीन घरेच निकाल लावतात. फेकायची वस्तू दिलीच नसेल तर आधी साधे शब्द बसवून पाहा : फेकणे, टाकणे. दोन्ही तीन घरांची. पाणी हलक्या हाताने टाकायचे असेल तर ‘शिंपडणे’. ‘शिं’वरचा अनुस्वार विसरलात की उभा शब्द अडतो.

प्रश्न : ‘फेकून मारायचे हत्यार’, दोन घरे. ‘बाण’ लिहिले, पण दुसऱ्या घरात संपणारा उभा शब्द (अर्थ ‘कापड’, दोन घरे) जुळत नाही. (वाचक, मडगाव)

उत्तर : तो उभा शब्द ‘वस्त्र’, म्हणून आडवा ‘अस्त्र’. ‘स्त्र’ हे जोडाक्षर एकाच घरात बसते. हातात धरून वापरायचे ते शस्त्र, सोडायचे किंवा फेकायचे ते अस्त्र. कोडे रचणारे हा फरक हमखास वापरतात.

प्रश्न : ‘फेक! देवघरातही असतो’, दोन घरे?

उत्तर : टाक. पहिला अर्थ आज्ञेचा, दुसरा देवाच्या चांदीच्या प्रतिमेचा. हाच शब्द ‘शाईत बुडवून लिहायचे साधन’ म्हणूनही विचारतात.