अमेरिकेच्या एनबीए या व्यावसायिक बास्केटबॉल लीगचे खेळाडू उन्हाळ्यात रस्त्यावरच्या कोर्टवर खेळतात, दुखापतीची भीती नसते का?

असते, आणि संघमालकांना जास्त असते. करारात अशा सामन्यांवर निर्बंध असतात. मायकेल जॉर्डनने मात्र कुठेही, कधीही खेळायची मुभा देणारं कलम करारात घालून घेतलं होतं. २०११ मध्ये मालक-खेळाडूंच्या करारवादामुळे लीगला टाळं लागलं होतं, तेव्हा एनबीए स्टार केविन ड्युरँटने न्यूयॉर्कच्या रकर पार्कमधल्या उघड्या कोर्टवर एका सामन्यात ६६ गुण ठोकले.

उघड्या कोर्टवर खाली डांबर किंवा काँक्रीट. लाकडी फ्लोअरसारखी लवचीकता नाही, त्यामुळे उडी मारून उतरताना सगळा दणका गुडघ्या-घोट्यावर. पण छताखाली सगळं सुरक्षित असंही नाही बरं! २०२२ मध्ये एनबीएत नव्यानेच आलेल्या चेट होल्मग्रेनचा पाय सिएटलच्या बंदिस्त जिममधल्या हौशी-व्यावसायिक सामन्यात दुखावला. पदार्पणाचा अख्खा हंगाम गेला.